फ्रीलान्सला आपल्याकडे काय म्हणायचं? आणि सवड, फुरसत, उसंत यात फरक काय?

मुलीच्या शाळेचा फॉर्म भरायला बसले आणि 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यापाशी अडकले. पुण्यातली नोकरी सोडून सोलापूरला परत आले त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून घरूनच काम करते, भाषांतर, सबटायटल्स, कधी कुणाच्या पुस्तकाची प्रुफं. फ्रीलान्स लिहावं तर सासूबाई विचारतात म्हणजे नेमकं काय गं, आणि 'मुक्त व्यावसायिक' लिहावं तर असं वाटतं की कामातूनच मुक्त झालेय. 'मुक्त पत्रकार' मात्र कानाला खटकत नाही, तो रुळलाय. 'मोकळी' तर नकोच, आमच्या गल्लीत 'मोकळाच हाय सध्या' म्हणजे हाताला काम नाही, आणि रिकामा म्हटलं की मागोमाग न्हावी आणि कुडाच्या तुंबड्या आल्याच.

दुसरा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. मी नोकरी सोडली ती वेळेसाठी. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत यण्णिमज्जनाला, म्हणजे तैलाभिषेकाच्या दिवशी, नंदीध्वजांच्या (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या) मागे ६८ लिंगांच्या वाटेवर दिवसभर चालायचं, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता बघायच्या, त्यासाठी कुणाकडे रजेचा अर्ज टाकायचा नाही. हुरड्याच्या दिवसांत कुणाच्या तरी शेतात आगटीभोवती बसून गरम हुरडा शेंगाचटणीबरोबर चवीनं खायचा आणि घड्याळ बघायचं नाही. हा जो वेळ आहे त्याला मराठीत नेमकं काय म्हणाल? फुरसत, सवड, उसंत, निवांतपणा, सगळे सारखेच वाटतात पण सारखे नाहीत असं मला वाटतं.

उत्तर –

ताई, इंग्रजी शब्दाचं मूळ बघितलं तर आपल्याकडे अगदी तंतोतंत जोड आहे. फ्री लान्स म्हणजे कुणा एका राजाला न बांधलेला भालेकरी. वॉल्टर स्कॉटच्या १८१९च्या 'आयव्हानहो' कादंबरीत हा शब्द भाडोत्री लढवय्यांसाठी येतो, लेखक-चित्रकारांना तो नंतर चिकटला. मराठा फौजेत बघा, बारगीराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं आणि शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन यायचा. शब्द फारसीतला, सिलाह म्हणजे शस्त्र. आता कंपनीचा लॅपटॉप वापरतो तो बारगीर, आणि स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचं इंटरनेट, लाइट गेली तर स्वतःचा इन्व्हर्टर असं सगळं घेऊन कामाला येतो तो शिलेदार! फॉर्मवर नाही लिहिता येणार कारण आता पेपरात 'साहेबांचे शिलेदार' म्हणजे एकनिष्ठ माणसं, अर्थ पार दुसरीकडे गेला, पण शब्द माहीत असावा.

उत्तर –

शिलेदार छान आहे हो पण इतकं लांब घोड्यावर जायची गरज नाही, आपलं गाव गिरणीचं आहे. माझे वडील मिलमध्ये बदली होते. बदली म्हणजे ट्रान्स्फर नव्हे, बदली कामगार, कायम नसलेला. पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी खाडा केला असला तर त्याच्या यंत्रमागावर काम, नाहीतर डबा घेऊन तसंच घरी. भोंगा झाला आणि वडील परत आले की आम्हाला कळायचं आज काम नाही. तेव्हा फ्रीलान्स कामाला लावतात तो 'फ्लेक्झिबल' शब्द ऐकला की मला पहिल्यांदा तो डबाच आठवतो, वाकायचं कुणी हे विचारावंसं वाटतं.

तुम्ही करता त्याला खरा शब्द उक्तं. उक्तं काम म्हणजे दिवसाचा हिशोब नाही, कामाचा ठरलेला आकडा. अंगावर घेतलंय असंपण म्हणतात. रोजानं की उक्तं, हे गवंड्याला आपण आजही विचारतोच की.

उत्तर –

काका, प्रश्न मीच विचारला होता, डब्याचं वाचून थांबले थोडा वेळ. माझी आई विड्या वळायची. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायचा, मांडीवर सूप, आणि हजारावर मजुरी. म्हणजे ते उक्तंच, आणि मी पानावर पैसे घेते तेही उक्तंच, हे तुम्ही सांगेपर्यंत मला सुचलं नव्हतं. विडी कामगारांच्या १९६६च्या कायद्यानं घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, आणि 'गिग वर्कर' (नोकरीत न बांधलेला, सुटी कामं घेणारा) हा शब्द कायद्यात आला २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. घरून करायचं काम आपल्या गल्लीला किती आधीपासून माहीत होतं बघा. पण आई दिवसभर घरात असून तिला सवड नव्हती. आमच्याशी बोलायची, हसायची, पण बोटं थांबायची नाहीत. माझी बोटं मला थांबवता येतात, दर ठरवताना मी नाही म्हणू शकते, हा फरक मला फार मोठा वाटतो आणि कुठल्याच शब्दात तो येत नाहीये.

उत्तर –

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. आमच्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड, बाहेर मराठी. तेलुगूत सवडीला तीरिक म्हणतात, तीरु म्हणजे संपणं, काम संपल्यावर उरतो तो वेळ. कन्नडमध्ये बिडुवु, बिडु म्हणजे सोडणं, हातातलं सोडलं की मिळतो तो. आणि मराठीत सवड काढतात! क्रियापदं लावून बघा म्हणजे फरक कळतो. फुरसत मिळते किंवा असते, मूळ अरबी शब्दाचा अर्थ संधी असाच आहे, ती बाहेरून येते. उसंत बहुतेक 'नाही'बरोबरच येते, क्षणाची उसंत नाही, मला भरपूर उसंत आहे असं कुणी म्हणत नाही. निवांत तर वेळ नाहीच, ती बसायची तऱ्हा आहे, निवांत बस की. सवड मिळतेही, पण ती कामातनं ओढून काढावी लागते तेव्हाच तिला खरा अर्थ येतो, म्हणून तर ज्याला आवड त्याला सवड. तुमच्या आईंना तीरिक कधी आली नाही कारण हजार संपले की पुढचे हजार.

उत्तर –

शेवटची ओळ आईला फोनवर वाचून दाखवली, ती नुसती हं म्हणाली आणि मग गड्ड्याला कधी येतेस विचारलं.

मी फॉर्मवर 'सवडीचं काम' लिहिणार होते पण एका मैत्रिणीनं सांगितलं की सवडीनं कर म्हणजे नाही केलं तरी चालेल असा अर्थ होतो, आणि ते खरंय, माझ्या कामाला तारखा असतात आणि मी त्या पाळते. सवड कामाची नाही, माझी. म्हणून रकान्यात 'भाषांतरकार, स्वतंत्र' लिहिलं. सासूबाईंना मात्र सांगितलं की मी उक्तं काम घेते, तर म्हणाल्या, उक्तं होय, मग असं सांग की गं इतके दिवस.