लाकडाच्या ओल्या सालीचं काय?

लाकूड जाळून वीज करायची म्हणजे विजेसाठी झाडं तोडतात, असं म्हणतात; ते कागद गिरणीला तसं लागू पडत नाही. क्राफ्ट पद्धतीत लगद्यासाठी लाकूड रसायनांत शिजवलं की त्याचं जवळजवळ निम्मं वजन ब्लॅक लिकर नावाच्या काळ्या द्रवात उतरतं. ते आटवून जाळतात, रसायनंही परत मिळतात. त्या उष्णतेवर केलेली वाफ आधी विजेचं टर्बाइन फिरवते, मग तीच कागद सुकवायला जाते.

पण जळणाच्या ओलाव्याबद्दल कुणीच बोलत नाही. बडोद्याजवळच्या एका गिरणीत मी बॉयलरवर होतो. लाकडाची सोललेली सालही तिथे जाळायचो; आषाढात ती उघड्यावर भिजायची, मुठीत दाबली की पाणी गळायचं. भट्टीतली ज्वाळा तांबूस-काळपट व्हायची, प्रेशरचा काटा उतरायचा, आणि नाइलाजाने कोळसा टाकावा लागायचा. निम्मं पाणी असलेल्या किलोभर लाकडातून कोरड्याच्या निम्मीही उष्णता मिळत नाही. साध्या पत्र्याच्या शेडसाठी आम्ही किती विनवण्या केल्या!