मदत हवी आहे : अ‍ॅक्सेसचा फॉर्म प्रत्येक स्क्रीनवर वेगळाच दिसतो

नमस्कार मंडळी,

आमच्या पतसंस्थेसाठी सभासद नोंदणीचा फॉर्म एमएस अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये केलाय. माझ्या १९२० बाय १०८० च्या मॉनिटरवर झकास दिसतो. काउंटरवरचे पीसी मात्र १३६६ बाय ७६८ चे. तिथे उजवीकडची 'वारसदार' चौकट निम्मी कापली जाते आणि 'सेव्ह'चं बटण स्क्रोल केल्याशिवाय दिसतच नाही.

कारण कळतंय. अ‍ॅक्सेस मापं ट्विप या ठरावीक एककात ठेवतं, इंचाला १४४०, म्हणून स्क्रीन लहान झाली तरी फॉर्म तेवढाच राहतो. ९६ डीपीआयला (म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल) १३६६ पिक्सेलमध्ये जेमतेम सव्वाचौदा इंच मावतात, फॉर्म आहे १८ इंचांचा. मॅनेजर साहेबांचा लॅपटॉप फुल एचडी, पण विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के, म्हणून तिथेही १६च इंच! स्केलिंग कमी करा म्हणावं तर अक्षरं बारीक होतात, ते ऐकणार नाहीत (आणि त्यांचं बरोबरच आहे).

अँकरिंग (बॉक्स, बटणं फॉर्मच्या कडांना बांधून ठेवणं) लावून पाहिलं. शेऱ्याची टेक्स्टबॉक्स छान ताणली जाते, पण फॉन्ट आहे तेवढाच राहतो. शेजारशेजारच्या दोन बॉक्सना डावी-उजवी दोन्ही बाजू दिल्या की एकमेकींवर चढतात.

फॉर्मचा आकार बदलला की चालणाऱ्या रिसाइझ इव्हेंटमध्ये इनसाइडविड्थ, म्हणजे विंडोची आतली रुंदी, बघून सगळ्या कंट्रोलची (बॉक्स, बटणं वगैरे) जागा, आकार आणि फॉन्ट त्या प्रमाणात बदलणारा व्हीबीए (अ‍ॅक्सेसची प्रोग्रॅमिंग भाषा) कोड कुणी रोजच्या कामात वापरलाय का? सबफॉर्म (फॉर्मच्या आतला फॉर्म) आणि टॅब कंट्रोलवर तो टिकतो का? की सरळ १३६६ धरून, तीन टॅब पाडून फॉर्म नव्याने मांडू? माझा कल तिकडेच आहे, पण मग मोठ्या मॉनिटरवर उजवीकडे ओसाड जागा उरते, तिचं तुम्ही काय करता?