मदत हवी आहे: पीडीएमएस (सिलिकॉन रबर) चिपवर ७४-७४ च्या अंतराने पीक (आलेखातले सुळके) येतायत

मंडळी, नाशिकहून लिहितोय. एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, द्राक्षाच्या रसातलं कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) मायक्रोफ्लुइडिक चिपवर (केसाएवढ्या बारीक चॅनलची चिप) वेगळं करून थेट मास स्पेकला (रेणूंचं वस्तुमान मोजणारं मशीन) द्यायचं. द्राक्षं पिंपळगावच्या मामाच्या बागेतली त्यामुळे सॅम्पलची ददात नाही, ददात मशीनची, ते पुण्यात आणि स्लॉट महिन्यातून एकदा.

चिप पीडीएमएसची, १०:१ मिसळून ६५ डिग्रीला चार तास ओव्हनमध्ये, मग प्लाझ्मा मारून काचेवर चिकटवली, चॅनल ५० मायक्रॉन. पोळीच्या डब्यात फडक्यात गुंडाळून बसने नेल्या, एकही फुटली नाही (डबा मात्र लॅबमध्येच राहिला, आई अजून विचारते).

आता घोळ असा की १९२ ला कार्बेन्डाझिमचा पीक हवा तिथे जेमतेम टेंगूळ, आणि ३७१, ४४५, ५१९ ला दांडगे पीक, बरोबर ७४ चं अंतर. नुसता बफर (पीएच टिकवणारं द्रावण) आणि मिथेनॉल सोडला तरी तेच! शिवाय व्होल्टेज देऊन चिपमधून मशीनमध्ये उडवायचा स्प्रे टिकत नाही, चिपच्या कडेला थेंब टोकदार व्हायच्या ऐवजी काचेवर पसरतो, फुगतो, गळतो की सिग्नल गेला. बफर फॉस्फेटचा. सर म्हणाले व्होल्टेज वाढव, वाढवलं तर ठिणगी उडाली आणि ऑपरेटरने असं बघितलं की बस्स.

प्रतिसाद:
७४ म्हणजे सिलोक्झेनचा (पीडीएमएस ज्या साखळीचं बनतं तिचा) एक मणी. पण लगेच चिपला दोष देऊ नका, हेच पीक लॅबच्या हवेतूनही येतात. आधी चिप काढून सिरिंजने मिथेनॉल-पाणी सोडा, ४४५ तेवढाच दिसला तर चिप निर्दोष. गेला तर पीडीएमएसमधले न जुळलेले तुकडे उतरतायत, मग चिकटवायच्या आधी तो इथाइल अ‍ॅसिटेट आणि नंतर अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवा, सावकाश वाळवा, घाई केली तर तडकतो.

फॉस्फेट मात्र आजच बंद. ते उडून जात नाही, सिग्नल दाबतं आणि तोंडाशी मीठ साचतं. अमोनियम फॉर्मेट घ्या, पीएच ३ च्या आसपास, कार्बेन्डाझिमवर धनभारही येईल. थेंबासाठी चॅनलच्या टोकाला बारीक ओढलेली सिलिका कॅपिलरी (केसासारखी नळी) बसवा, फक्त जोडाशी पोकळी नको, नाहीतर वेगळं केलेलं तिथेच परत मिसळेल. आणि पुढे क्लोरपायरीफॉस (कीटकनाशक) करणार असाल तर काचेची चिप बघा, पीडीएमएसमध्ये ते मुरून बसतं.

मूळ लेखक:
खूप आभार! क्लोरपायरीफॉस दुसऱ्या टप्प्यात आहेच, सरांना कसं सांगू ते बघतो. कॅपिलरी इपॉक्सीने चिकटवली तर चालेल का, की त्याचेही पीक येतील? पुढचा स्लॉट मंगळवारी आहे.