कारने मागून धडक दिली, मांडीत रॉड: भरपाईचा दावा कुठे आणि कसा लावायचा?

मोडनिंबकर
धाकटा भाऊ, वय ३४, सुतारकाम करतो. अकरा आठवड्यांपूर्वी इंदापूरजवळ त्याच्या मोटरसायकलला कारने मागून धडक दिली. उजव्या मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय, गुडघा पूर्ण वाकत नाही. कारचालकावर गुन्हा दाखल आहे, कारचा विमा चालू होता. कमाई रोख, महिन्याला साधारण १८ हजार. विमा कंपनीचा माणूस दीड लाखात मिटवू म्हणतो. वकील पंचवीस टक्के मागतात. आम्ही सोलापूर जिल्ह्यातले. काय करावं?

दावा_दप्तर
कशावरही सही करू नका. 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' असं एकदा लिहून दिलं की पुढचा दावा फार अवघड होतो.

आधी तारीख बघा. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करावा लागतो. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान आहे, पण त्या भरवशावर बसू नका. अपंगत्वाचा दाखला नंतर जोडता येतो, त्यासाठी दावा अडवून ठेवायचा नाही.

दावा सोलापूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लागतो. जखमी जिथे राहतो तिथलं न्यायाधिकरण चालतं, पुणे जिल्ह्यात हेलपाटे नकोत. कारमालक, चालक आणि विमा कंपनी, तिघांनाही सामनेवाले करा.

पोलीस ठाण्यातून फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, आरटीओचा वाहन तपासणी अहवाल, आरसी, पॉलिसी आणि चालकाचं लायसन्स यांच्या नकला घ्या. तपास अंमलदाराने सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तुमचे ७७ दिवस झालेत, तेव्हा याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

आणि पहिल्या दवाखान्यातली एमएलसीची नोंद (अपघातासारख्या पोलीस प्रकरणात डॉक्टर दुखापत कशी झाली ते लिहून ठेवतात ती) आजच वाचा. बरेच दावे तिथेच अडकतात.

हिशोबनीस
रकमेचा अंदाज देतो. वार्षिक कमाई २,१६,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरले की ३,०२,४००. वय ३१ ते ३५ साठी गुणक (वार्षिक कमाईला वयानुसार ज्याने गुणतात तो आकडा) १६, म्हणजे ४८,३८,४००. यातले किती टक्के कमाईची ताकद गेली, ते न्यायाधिकरण ठरवतं. ३० टक्के धरली तर १४,५१,५२० होतात. दवाखान्याची बिलं, घरी बसलेल्या महिन्यांची कमाई, वेदना, प्रवास, सोबत राहणाऱ्या माणसाचा खर्च हे सगळं वेगळं. आता दीड लाखाशी ताडून बघा.

हा टक्का डॉक्टरांच्या दाखल्यातून जसाच्या तसा उचलला जात नाही. 'उजवा पाय ४० टक्के' लिहिलं असेल तर कंपनी म्हणणार की पूर्ण शरीराचे त्याहून कमीच. पण उकिडवं बसून रंधा मारणं आणि फळी पायाखाली दाबून कापणं जमत नसेल, तर त्या सुताराचं नुकसान पायाच्या टक्क्याहूनही जास्त असू शकतं (राजकुमार विरुद्ध अजयकुमार, सुप्रीम कोर्ट). दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष होणं फार गरजेचं आहे. नुसता कागद ठेवला तर उलटतपासात टिकत नाही.

कमाईचंही तसंच. ठेकेदाराचा दाखला पुरत नाही, त्याने साक्षीला यावं. बँकेचं पासबुक, यूपीआयचे व्यवहार, प्लायवूडच्या दुकानाची बिलं जमवा. पुरावा नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास कमाई धरून मोकळं होतं.

मोडनिंबकर
एमएलसी बघितली. 'गाडीवरून पडून दुखापत' असंच लिहिलंय, कारचा उल्लेख नाही! भाऊ बेशुद्ध होता, एका ट्रकवाल्याने आणून सोडलं होतं.

दावा_दप्तर
घाबरू नका, पण आत्ताच बांधबंदिस्ती करा. आणणाऱ्याने जे सांगितलं तेच डॉक्टर लिहितात. कंपनी यावरूनच 'कार नव्हतीच, स्वतः पडला' म्हणणार. त्या ट्रकवाल्याचा जबाब नोंदवायला तपास अंमलदाराला लेखी विनंती करा. आरटीओ अहवालात कारचा पुढचा बंपर किंवा बॉनेट चेपल्याची आणि मोटरसायकलचं मागचं मडगार्ड, टेललाइट फुटल्याची नोंद आहे का बघा. दोन्ही जुळलं तर त्या एका ओळीचं वजन बरंच उतरतं. मोटरसायकल दुरुस्त केली नसेल तर मागून आणि बाजूने फोटो काढून ठेवा.

विधीसेवा_सोलापूर
वकिलाबद्दल: निकालाच्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी ठरावीक रकमेत आणि लेखी ठरवा, कोऱ्या चेकवर सही नको. भावाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत आहे, म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. उत्पन्नाचा दाखला, आधार आणि फिर्यादीची नक्कल न्या. लोकअदालतीत तडजोड करायची झाली तर अपंगत्वाचा दाखला हातात आल्यावरच करा, कारण त्या निवाड्यावर अपील नाही.