उपकरण ‘जाळ्यात घ्यायचं’ म्हणजे काय करायचं?

पंपखोली
आमच्या परळच्या सोसायटीत पाण्याच्या टाक्यांवर पातळी मोजणारी छोटी उपकरणं बसवतोय. आत ईएसपी३२ नावाची वायरलेस चिप आहे आणि ही उपकरणं एकमेकांशी ब्लूटूथ मेशवर, म्हणजे ब्लूटूथच्या जाळ्यावर, बोलतात. गच्चीवरच्या टाकीचा निरोप जिन्यातल्या उपकरणांवरून टप्पे खात तळमजल्यावर पंपापाशी येतो. हे सगळं काम भाच्याचं. माझ्या गळ्यात पडलंय ते वॉचमन आणि कमिटीसाठी मराठी पत्रक लिहिणं. नवं उपकरण मेशमध्ये घेण्याच्या क्रियेला इंग्रजीत प्रोव्हिजनिंग म्हणतात. भाषांतराच्या अ‍ॅपने वाक्य दिलं, ‘तरतूद करताना उपकरण जवळ ठेवा.’ अर्थसंकल्प मांडतोय असं वाटलं. ते खोडून मी ‘उपकरण जाळ्यात घ्या’ केलं, तर सेक्रेटरीबाई म्हणाल्या, ‘लाचखोर लिपिक एसीबीच्या जाळ्यात, त्यातलं वाटतंय.’ शब्द सुचवा. वॉचमनकाका मालवणचे आहेत, पेपर रोज वाचतात, पण पेपरातल्यासारखं मराठी लिहिलं की चिडतात.

वेलांटी
सेक्रेटरीबाईंचं बरोबर आहे. मराठीत जाळ्यात जातो तो फसतो. मासा, माशी, लिपिक, कोणीही असो. आपल्या पायाने जाळ्यात कोणी जात नाही. सरळ ‘जोडा’ लिहा आणि मोकळे व्हा.

पंपखोली
‘जोडा’च होतं आधी. पण इथे जोडणं दोनदा आहे. आधी फोन उपकरणाला जोडायचा, मग त्या फोनवरून उपकरण मेशमध्ये घ्यायचं. दोन्हीकडे ‘जोडा’ लिहिलं की काका पहिलं झालं की शिडी उतरतात.

सोल्डर
मुळात ते नुसतं जोडणं नाहीच. नवं उपकरण आधी हवेत ओरडत असतं, ‘मी कोणाचाच नाही.’ फोन त्याला आमंत्रण देतो. मग दोघं आपापली सार्वजनिक किल्ली (पब्लिक की, म्हणजे उघड सांगता येणारा सांकेतिक आकडा) एकमेकांना देतात. मग ओळख पटवणं: उपकरणावरचा दिवा काही वेळा लागतो-विझतो, आपण मोजून तो आकडा फोनमध्ये टाकायचा, म्हणजे शेजारच्या इमारतीतलं भलतंच उपकरण आत येत नाही. हे जमलं की मगच त्याला नेटवर्कची किल्ली आणि पत्ता मिळतो. तोपर्यंत ते ‘डिव्हाइस’, त्यानंतर ‘नोड’. नावसुद्धा बदलतं! तेव्हा शब्दात ओळख आणि किल्ली दोन्ही यायला हवं. मी ‘नोंदवून घेणे’ म्हणेन.

मोडीवाचक
‘जालप्रवेश’. आंतरजाल, संकेतस्थळ हे शब्द चालतातच की. ‘जाल’ म्हटलं की जाळ्याचा फसवणुकीचा वासही जातो.

वेलांटी
जातो? इंद्रजाल, मायाजाल हे काय मग? आणि जालप्रवेश ऐकलं की गृहप्रवेश आठवतो. काका आधी भटजी शोधतील.

ठाणे फास्ट
मुंबईत एवढा छान शब्द वापरात असताना तुम्ही कोश कसले चाळताय? ‘वर्णी लावणे’! ओळख पटवली, वरून आमंत्रण आलं, किल्ली हातात पडली. ‘नव्या उपकरणाची मेशमध्ये वर्णी लावा.’ महामंडळावर लागते तशी.

सोल्डर
हसलो, पण वर्णीत वशिला आहे. इथे वशिला चालत नाही, दिवा मोजावाच लागतो.

मोडीवाचक
थट्टा करायला हरकत नाही. पण नवे शब्द कानाला खटकतात म्हणून टाकले असते तर आज ‘मेयर’च म्हणत बसलो असतो. सावरकरांनी महापौर, दिनांक हे शब्द घडवले, आज कोणाला खटकतात का?

ठाणे फास्ट
दिनांक अर्जावर छापतात हो. कोर्टात अजून ‘तारीख’च पडते. आणि पडतच राहते.

मोडीवाचक
तारीख अरबी आहे.

ठाणे फास्ट
असेल. मराठीत येऊन तिला जेवढी शतकं झाली तेवढ्यात कोणालाही डोमिसाइल मिळेल.

वेलांटी
तुम्ही दोघं हे नेहमीचं भांडण दुसरीकडे न्या. सोल्डर, एक विचारते. माझ्या मुलीच्या प्रोजेक्टमध्ये ब्लूटूथ मेश नाही, थ्रेड नावाचं काहीतरी आहे. त्यात तर ‘कमिशनर’ येतो. त्याचं काय करायचं?

सोल्डर
थ्रेड हे वेगळं मेश, त्याचा रेडिओही वेगळा. तिथे आत येऊ पाहणारा ‘जॉइनर’, आणि त्याची खात्री करून आत घेणारा ‘कमिशनर’. त्या क्रियेला कमिशनिंग म्हणतात.

ठाणे फास्ट
मुंबईत राहून विचारता? कमिशनर म्हणजे आयुक्त आणि जॉइनर म्हणजे इच्छुक. ‘इच्छुकाने आयुक्तांकडे अर्ज करावा.’ बसलं की नाही बरोब्बर?

वेलांटी
😂 ‘इच्छुक’ मी खरंच घेणार आहे.

पंपखोली
सरकारी मराठीत कमिशनिंगला ‘कार्यान्वित करणे’ म्हणतात, ते बघितलं. पण काकांना ते पंप चालू करणं वाटेल. माझगावला बांधलेली युद्धनौका मात्र नौदलात ‘दाखल’ होते. ‘दाखल करून घ्या’ कसं वाटतं?

सोल्डर
अर्थाला सगळ्यात जवळचं.

वेलांटी
केईएम तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. परळमध्ये ‘दाखल केलं’ म्हटल्यावर लोक ‘काय झालं’ विचारतात.

मोडीवाचक
आणि ‘नोड’ला काय लिहिलंत? तो प्रश्न जास्त गंभीर आहे. वनस्पतिशास्त्रात नोड म्हणजे पेर, दोन पेरांमधलं ते कांडं. भौतिकीत निस्पंद. खगोलात पात. चंद्राच्या कक्षेचे दोन पात म्हणजेच राहू आणि केतू.

ठाणे फास्ट
म्हणजे गच्चीवर राहू आणि पंपापाशी केतू. पाणी कसं येणार मग?

वेलांटी
पेर गोड आहे, पण उसाचं पेर एका रेषेत असतं. मेशमध्ये वाटा चहूकडून येतात. नोड हा लॅटिन नोडुस, म्हणजे गाठ. मग ‘गाठ’च का नको? ‘गाठीला गाठ’ असा निरोप पुढे जातो.

नाखवा
वरळी कोळीवाड्यातून. आठवडाभर वाचतोय, आता राहवत नाही. जाळं तुम्ही सगळे बाहेरून बघताय. जाळ्यात गाठ असते हे बरोबर. पण मेश म्हणजे जाळं नव्हे. मेश म्हणजे गाठीगाठींमधली मोकळी जागा, तिला आम्ही ‘आस’ म्हणतो. मत्स्यव्यवसाय खात्याच्या नियमांतही आसाचा आकार मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. इंग्रजीतही मेश म्हणजे ते भोक, आणि सगळ्या जाळ्यालाही तोच शब्द लागतो. आणि वेलांटीताई, आपल्या पायाने कोणी जाळ्यात जात नाही म्हणालात. डोल जाळं खुंटांना बांधून एका जागी उभं असतं. तिथे माशाला कोणी ओढत नाही, पाण्याच्या ओढीने तो स्वतः येतो. तोंड भलंमोठं आणि शेपटाकडे आस बारीक होत जातो.

सोल्डर
हे भारीच आहे. नेटवर्कवाले गाठी मोजतात आणि नाव दिलंय भोकांचं.

पंपखोली
नाखवा, मनापासून आभार. पण पत्रक उद्या छापायचंय. सध्या ‘ओळख पटवून मेशमध्ये सामील करा’ असं लिहिलंय. पुढचं वाक्य: ‘लाल दिवा लुकलुकेल, तो किती वेळा लुकलुकला ते मोजा.’ हे ठीक?

वेलांटी
लुकलुकतात ते तारे. ते मोजता येत नाहीत, म्हणूनच तर लुकलुकतात. मोजायचं असेल तर ‘उघडझाप’.

ठाणे फास्ट
उघडझाप डोळ्यांची. दिवा लागतो आणि विझतो. ‘दिवा किती वेळा लागला ते मोजा.’ विषय संपला.

सोल्डर
ह्याला माझं मत. शिवाय एक ओळ वाढवा: मधलं उपकरण भरलेल्या टाकीच्या आडोशाला ठेवू नका. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, पाणी त्या शोषून घेतं. आणि गच्चीवरचं बॅटरीवालं उपकरण बहुतेक वेळ झोपलेलं असतं. त्याच्यासाठी आलेला निरोप जवळचं, विजेवर चालणारं उपकरण धरून ठेवतं. त्याला ‘फ्रेंड’ म्हणतात. ते बंद करायचं नाही, हे ठळक अक्षरात.

वेलांटी
तुम्ही घरी नसताना कुरिअर घेऊन ठेवतो तो शेजारी. मित्र दादरला राहतो आणि फोन उचलत नाही. ‘शेजारी उपकरण’ लिहा.

पंपखोली
घेतला. ‘शेजारी’ काकांनाही पटला.

मोडीवाचक
मी अजून आसावर आहे. चाकाचा आस पुल्लिंगी, आशा ह्या अर्थी आस स्त्रीलिंगी. जाळ्याचा हा तिसरा कुठून आला? माझा तर्क, संस्कृत ‘आस्य’, म्हणजे तोंड. जाळ्याची लहान लहान तोंडं.

वेलांटी
आस्यचा आस कुठल्या नियमाने? हास्याचं हसू झालं, हास नाही झाला.

मोडीवाचक
हसू हे हास्यावरून आलं असं कोण म्हणालं? ‘हस्’ धातू बघा.

नाखवा
तोंड म्हणा, काही म्हणा. आमच्याकडे तो आस. आस मोठा, आस बारीक, आस फाटला.

ठाणे फास्ट
चार आस फाटून एक मोठं भोक झालं, तर त्याला काय म्हणता?

नाखवा
नुकसान.

मोडीवाचक
तोही अरबी आहे.