मदत हवी आहे: लोगोतला शेकरू मुंगसासारखा दिसतोय

आमच्या तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांच्या क्रीडासंघांसाठी एकच प्राणी ठरलाय, शेकरू. भीमाशंकर जवळ, शिवाय राज्यप्राणी. वाघ-बिबट्यांच्या गर्दीतून सुटलो एकदाचे.

चित्र इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलंय, व्हेक्टर आहे, म्हणजे लहान-मोठं केलं तरी रेषा फाटत नाहीत. बॅनरवर झकास दिसतं. पण टी-शर्टच्या छातीवर अडीच इंचात भरतकाम करून आणलं, तर शेपटीचा नुसता गुंता. मुलं म्हणाली, "सर, मुंगूस!"

मग केसांच्या बारीक रेषा उडवल्या, ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात मिसळत जाणाऱ्या छटा) काढून तपकिरी आणि क्रीम एवढेच रंग ठेवले, बाह्यरेषा जाड केली. जरा बरं झालं. पण रबरी शिक्क्यावर एकाच रंगात पाठ-पोट वेगळं कळत नाही. नुसतं डोकं घेतलं तर साधी खार वाटते. शेपटी हीच तर त्याची ओळख!

आकार वाढवता येणार नाही, धागे दोनच परवडतात. तयार क्लिपआर्ट नको. भरतकामवाला मशीनची फाइल स्वतः करतो, त्याला पीडीएफ पुरते.

तर शेपटी पाठीवरून वळवून गोलात बसवू की फांदीवरून खाली सोडू? आणि शिक्क्यासाठी एकरंगी चित्र वेगळंच काढावं लागेल का?