मध्ययुगीन राण्या आणि घरची देणी: कोणतं उदाहरण घेऊ?

मृण्मयी: आमच्या वाचनगटात मला राण्या आणि पैसा या विषयावर बोलायचंय. नवऱ्याची किंवा मुलाची देणी राणीवर कशी यायची, ती कशी फेडायची, एवढंच. युरोपातलं एखादं ठोस उदाहरण सुचवाल का? वेळ अर्धा तास.

जुनी_बखर: इंग्लंडची राणी फिलिपा घ्या. तिचा नवरा तिसरा एडवर्ड. फ्रान्सशी १३३७ साली सुरू झालेलं युद्ध त्यानं उसन्या पैशावर चालवलं. फ्लॉरेन्सच्या बार्डी आणि पेरूझी पेढ्यांकडून कर्ज काढलं, राजमुकुटही गहाण पडला. १३४०च्या फेब्रुवारीत पैसा उभा करायला तो मायदेशी गेला, तेव्हा दिवस भरत आलेली फिलिपा आणि मुलं आजच्या बेल्जियममधल्या गेंट शहरातच राहिली, धनकोंना हमी म्हणून. मार्चमध्ये ती तिथेच बाळंत झाली. राजाच्या शब्दाला तारण म्हणून बायको आणि लेकरं! माझ्या मते बोलणं इथूनच सुरू करा.

मृण्मयी: हे मला अजिबात माहीत नव्हतं. आणि फेड?

जुनी_बखर: पेरूझी १३४३ मध्ये बुडाले, बार्डी १३४६ मध्ये. एडवर्डची थकबाकी हे त्यामागचं एक कारण. फिलिपाच्या स्वतःच्या डोक्यावरही देणी होतीच. १३६९ मध्ये विंडसरला अखेरच्या आजारात तिनं राजाकडे तीन गोष्टी मागितल्या असं त्या काळचा बखरकार फ्र्वासार लिहितो. त्यात पहिली ही, की समुद्राच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या व्यापाऱ्यांचं माझं देणं चुकतं करा. चर्चना आणि नोकरांना कबूल केलेलं दान त्यानंतर, आणि शेवटी, राजानं वेस्टमिन्स्टरला तिच्या शेजारी दफन व्हावं. या क्रमावर जरूर बोला.

रेवा_कुलकर्णी: ताई, एक सावधगिरी. फ्र्वासार तिच्याच पदरी होता आणि ती गेली तेव्हा इंग्लंडमध्ये नव्हता. त्यामुळे ‘ती म्हणाली’ असं न सांगता ‘फ्र्वासार सांगतो’ असं म्हणा.
आणि दहा मिनिटं कॅस्टाइलच्या एलेनॉरला द्या, पहिल्या एडवर्डच्या राणीला. ज्यू सावकारांची सरदारांकडची येणी हाती घेऊन तिनं त्या सरदारांच्या जमिनी मिळवल्या. १२९० मध्ये मरताना मात्र आपल्या नावानं झालेल्या अन्यायांची भरपाई व्हावी अशी तिची इच्छा होती, आणि तिच्यामागे तिच्या कारभाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींची रीतसर चौकशी झाली. फिलिपाशेजारी ही ठेवली तर गटात चांगली चर्चा होईल.

मृण्मयी: दोघीही घेते. गेंटपासून सुरुवात, फ्र्वासारबद्दलची सूचना वहीत टिपली.